सावलीची हद्द

३० डिसेंबर २०२४, सोमवार. सकाळी साडेसहा वाजता दुबलगुंडीच्या शिवारात, आमच्या तुरीच्या बांधाशी मी दुर्बिणीची पेटी ट्रॉलीतून उतरवली. गार वारा होता. येळवशीचा दिवस. शेतात देव मांडण्याआधी दुसरं काही मांडू नये, असं माझ्या वैनी म्हणाल्या. मी माझी जागा साफ करून घेतली आणि मग त्यांना वाट दिली. सुरुवात इथे झाली.

त्याला आता वर्ष होत आलं. यंदा पुन्हा तूर कापणीला आली आहे. तासांमधून चालताना वाळल्या शेंगा कमरेला घासतात आणि आतले दाणे खुळखुळतात. गल्लीतून ताकात कालवलेल्या ज्वारीच्या पिठाचा आंबूस वास येऊ लागला आहे. आंबील मुरत असते तेव्हा पंचांग पाहावं लागत नाही. येळवशी म्हणजे वेळ अमावस्या. मार्गशीर्षातली ही अमावस्या बीदर, कलबुर्गी आणि पलीकडच्या लातूर भागात जशी होते तशी अन्यत्र होत नाही. गाव ओस पडतं आणि शिवार भरतं. शेतात कडब्याची कोप उभी करायची, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड म्हणजे पांडव, त्यांच्यापुढे शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबिलाचं मडकं. रस्त्याने जाणारा कोणीही असो, त्याला हाक मारून जेवू घालायचं. दिवस बुडाला की वाळल्या गवताचा हेंडगा पेटवायचा आणि ती मशाल घेऊन शेताच्या चारी बांधांवरून फिरायचं.

यंदा आमच्या शेतात यातलं काही होणार नाही. वर्षाच्या आत घरातलं माणूस गेलं की सण करत नाहीत. माझे थोरले बंधू भाद्रपदात गेले. त्यांना मी अण्णा म्हणत असे.

माझी नोकरी सरकारी मोजणीखात्यात झाली. बीदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांच्या बांधांवरून मोजणीची साखळी ओढण्यात आयुष्य गेलं. मुलगी शैलजा बेंगळुरूला आकाशाचा अभ्यास करते. तिचं काम सूर्यमालेच्या अगदी बाहेरच्या अंगाला आहे. ग्रहांची वाटणी होऊन गेल्यावर जो माल उरला, तो नेपच्यूनच्या पलीकडे पडून आहे. बर्फ आणि दगड यांचे लहान लहान गोळे. तिथून पाहिलं तर सूर्य म्हणजे एक ठळक तारा, एवढंच. तिथला बर्फ थंडीने खडकासारखा कठीण झालेला. सूर्याभोवतीची एक फेरी पुरी करायला त्यांच्यातल्या कित्येकांना तीनेक शतकं लागतात. कसण्याजोगी जमीन वाटून झाल्यावर गावाच्या कडेला जो तुकडा राहतो, त्याला आमच्या खात्यात खराबा म्हणतात. खराब्याला कोणी विचारत नाही. मोजावा मात्र लागतो, कारण गावाची हद्द तोच सांगतो.

असा एक गोळा. त्याला नाव नाही, नुसता क्रमांक आहे. चांगल्या मोठ्या दुर्बिणीतूनही तो ठिपक्याएवढाच दिसतो आणि ठिपक्याला लांबी-रुंदी नसते. त्याचं माप घ्यायचं तर तो एखाद्या ताऱ्याच्या आड येईल तेव्हाच. त्या वेळी तारा काही क्षण विझतो आणि पुन्हा लागतो. गोळ्याची सावली पृथ्वीवरून धावत जाते. तिच्या वाटेवर जागोजाग माणसं बसवायची. कोणाकडे तारा किती वेळ नाहीसा झाला, त्यावरून एकेक रेघ मिळते, आणि रेघा शेजारीशेजारी मांडल्या की आकार उमटतो. तळं मोजताना आम्ही हेच करत असू. पाण्यात उतरायचं नाही, काठावरून रेघा टाकायच्या.

गेल्या येळवशीला संध्याकाळी सात चाळीसला ती सावली आमच्या मुलखावरून जायची होती. पट्ट्याच्या दक्षिण अंगाला आळंद तालुक्यातलं मादन हिप्परगा. तिथे शैलजा स्वतः. उत्तरेला बीदर, तिथे तिचे सहकारी. दोहोंच्या मध्ये आमचं शेत. तिने मला का निवडलं, हे मी विचारलं नाही. एवढंच म्हणाली होती, “अप्पा, तुम्ही वेळ चुकवत नाही.”

दुर्बीण तिनेच पाठवली होती. खाली आरसा, वर नुसत्या सळ्यांचा सांगाडा. सळ्यांभोवती गुंडाळायची काळी कापडं दोन होती आणि दोन्ही चुकून तिच्या पेटीत मादन हिप्परग्याला गेली. मी घोंगडी बांधून पाहिली. तिच्या ओझ्याने नळी ढळली. मी घोंगडी सोडली आणि अण्णांना परत दिली. बाजूने उजेड आला तर दुर्बीण उघडी पडणार, हे त्या सकाळीच ठरून गेलं.

दुपारी कोपीसमोर पंगत बसली. अण्णा भिंतीसारखे ताठ बसत. त्या येळवशीच्या आधी, आषाढात, त्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं. डावा पाय ओढत चालत आणि डाव्या हातात भाकरी धरवत नसे, तरी पाठीचा कणा वाकला नव्हता.

“किती वाजता हाय तुझं ते?” त्यांनी विचारलं.

“सात चाळीसला.”

“हेंडगा दिवस बुडला की पेटतो.”

“आज मागून पेटवू. धूर बी नको आन उजेड बी नको.”

वैनींचा हात उंड्यावर थांबला. “समद्या शिवारात उजेड आन आपलंच रान अंधारात? कुनी मेलंय म्हनतील लोक.”

“म्हनू द्या.”

“तुमास्नी काय, बाळूभावजी. तुमी चार दिसांनी बीदरला जाताव. आमाला हितंच ऱ्हायाचं हाय.”

अण्णा आंबिलाचा गडू हातात फिरवत होते. “काय हाय काय तितं?”

“बर्फाचा गोळा.”

“पिकतं का त्याच्यावर काई?”

“न्हाई.”

“मालक कोन?”

“कुनीच न्हाई.”

“मग मोजायलास कामून?”

“कुनी मोजला न्हाई म्हनून.”

अण्णांनी गडू रिकामा केला आणि मिशी पुसली. “आयुष्यभर दुसऱ्याचे बांध मोजलास. आता बिनमालकाचं रान मोजायलास. बरं. तारा आदी. पर हेंडगा मीच फिरवनार. पाय वढत फिरवीन, तू मधी पडायचं न्हाई.”

“न्हाई पडत.”

आमच्या घरात हेंडगा थोरल्याचा. माझ्या हाती तो कधी आला नव्हता, आणि कधी यावा असं मला वाटलंही नव्हतं.

दिवस मावळला. पश्चिमेला शुक्र दिसू लागला. पहिला हेंडगा ओढ्यापलीकडे पेटला, मग एकामागून एक पेटत गेले. दूरवर माणसं दिसत नव्हती, नुसत्या ज्वाळा बांधांवरून पळत होत्या. आरोळ्या ऐकू येत होत्या, निम्म्या कानडी, निम्म्या मराठी. लहानपणापासून ही संध्याकाळ मी पाहत आलो आहे. आपल्याच शेतातल्या अंधारात उभं राहून पाहण्याची ती पहिली वेळ. साऱ्या शिवारात आमचा तुकडा तेवढा काळा होता. वैनी कोपीत पाठ करून बसल्या होत्या.

शेजारच्या शेतातून सिद्रामने हाक दिली. त्याचीच ट्रॉली सकाळी आणली होती. “ओ मोजणीसाब! कामून अंधार ठिवलाव? समदं ठीक हाय न्हव?”

“ठीक हाय.”

“अण्णा कुटं हायेत?”

उत्तर अण्णांनीच दिलं. “मेलो न्हाई अजून! जेवलास का?”

सिद्राम हसला. वैनी हसल्या नाहीत.

सातच्या सुमारास शैलजाचा फोन आला. तिचा आवाज सपाट होता. काळजी असली की तो तसाच होतो.

“अप्पा, बीदरला ढग आलेत. त्यांचं गेलं. आता तुम्ही आणि मी.”

“हं.”

“माझी एकच रेघ राहिली तर त्यातनं काहीच ठरत नाही. गोळा निदान एवढा आहे, इतकंच कळेल. तुमच्याकडे तारा विझला तर उत्तम. नाही विझला तरी चालेल. पण विझला की नाही, हे नक्की कळलं पाहिजे. त्या दोन मिनिटांत शंका राहिली तर वर्षाचं काम वाया. असा ठळक तारा त्याच्या वाटेत पुन्हा कधी येईल, सांगता येत नाही.”

“ठेव आता,” मी म्हणालो.

तारा वृषभ राशीत होता, गुरूच्या खालच्या अंगाला. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. दुर्बिणीला लावलेल्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर मात्र तांदळाच्या कणीएवढा स्थिर ठिपका होता. हवा पडलेली होती. शंभर हेंडग्यांचा धूर वर चढेना. तुरीच्या शेंड्यांवर आडवा पसरला आणि हळूहळू आमच्याकडे सरकू लागला. धुराला हद्द कळत नाही. पडद्यावरची कणी मंद झाली. एकदा तर ती आहे की नाही, हे मला क्षणभर ठरवता आलं नाही. मी बसल्या जागेवरून हललो नाही. हलून उपयोगही नव्हता. मग उत्तरेकडून गार झुळूक आली आणि धूर ओढ्याकडे वळला. कणी पुन्हा उजळली. साडेसात होऊन गेले होते.

त्याच वेळी रस्त्यावर गाडीचा आवाज आला.

अण्णा बांधाशी दगडावर बसले होते. घोंगडी खांद्यावर होती. गाडीचा वेग मंदावला. वाट चुकलेली असावी. आणि अण्णा उठले. बोलवावं की नाही, याचा विचार त्यांनी केला नाही. या दिवशी रस्त्यावर गाडी थांबली की आमच्याकडचा माणूस विचार करत नाही. हात वर करून त्यांनी तीच हाक दिली, जी वडील देत आणि त्यांच्या आधी आजोबा देत.

“ओ पावनं! जेवून जावा!”

जीप वळली. बांधावरून एक चाक चढलं, उतरलं, आणि दोन्ही दिवे थेट दुर्बिणीवर आले. पडदा पांढरा झाला. तारा त्या पांढऱ्यात बुडाला.

गाडीतून हैदराबादकडची माणसं उतरली. एक जाडसर गृहस्थ, त्यांची बेगम, मागे कोणी म्हातारी. “सलाम, दादा. दावत किधर है?” गृहस्थांनी हसून विचारलं. चालकाने दिव्यांकडे हात नेला तेव्हा तेच म्हणाले, “रहने देव, रहने देव. अंधारे में बड़े मियाँ गिर जाते.” अण्णांचा ओढता पाय त्यांनी पाहिला होता. भल्या माणसाचा भलेपणा त्या क्षणी आमच्या मुळावर आला.

मला पडदा सोडून उठता येत नव्हतं. पाहुण्यावर ओरडता येत नव्हतं. मी एवढंच म्हणालो, “अण्णा, दिवा.”

आपण काय केलं, हे त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी पाहुण्यांना काही सांगितलं नाही. समजावण्यात वेळ गेला असता. ते पाय ओढत जीपपुढे गेले, खांद्यावरची घोंगडी काढली, दोन्ही हातांनी पसरली आणि दिव्यांसमोर उभे राहिले.

सावली प्रथम माझ्या गुडघ्यावर आली, मग दुर्बिणीवर. पडदा काळा झाला. कणी होती.

मग उजेड पुन्हा डाव्या अंगाने झिरपू लागला. त्यांचा डावा हात खाली येत होता. पडद्याची कड फिकट होत गेली. मी वळून पाहिलं नाही. मागे कोपीतून कोणी उठल्याचा आवाज आला. पैंजण नव्हते, नुसती पावलं. कड पुन्हा काळी झाली. वैनींनी घोंगडीचं डावं टोक धरलं होतं.

सात चाळीस झाले. कणी होती. एकेचाळीस झाले. कणी होती. मी पापणी न लववता पाहत होतो आणि ती तिथेच होती, जराही न हलता. बेचाळीसला मी म्हणालो, “झालं.”

चालकाने दिवे घालवले. अंधारातून अण्णांचा आवाज आला, धाप लागलेला. “इझला का रं?”

“न्हाई.”

“न्हाई? मग मी उगी उभारलो व्हय?”

जाडसर गृहस्थ हळूच म्हणाले, “ये क्या दावत थी, दादा?” आणि वैनी त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. त्यांनी ताटं मांडली. म्हातारीने आंबील मागून घेतली.

शैलजाचा फोन आला. “अप्पा, माझा गेला. पूर्ण विझला. तुमचा?”

“गेला न्हाई.”

“नक्की?”

“नक्की.”

“रेकॉर्ड स्वच्छ आहे?”

“मधे उजेड आला होता. मग सावली आली.”

“सावली? कुणाची?”

“अण्णांची.”

ती म्हणाली, “दोघांच्या मध्ये कुठंतरी त्याची कड आहे. सापडली, अप्पा.”

हे अण्णांना मी सांगितलं, त्यांना समजेल अशा शब्दांत. हद्द एका दगडाने ठरत नाही. आपल्या रानातला शेवटचा दगड पाहिजे आणि शेजाऱ्याच्या रानातला पहिला. शैलजाचा दगड आतला, आपला बाहेरचा. तारा विझला नाही म्हणूनच कळलं की तो गोळा इथवर पोचत नाही. आणि उजेडात ते “नाही” कोणी मानलं नसतं.

“म्हंजे शेजाऱ्याकडून साक्ष द्यायला उभारलो मी.”

“व्हय.”

“मग चालतंय.”

भाद्रपदात ते गेल्यावर गावात बोलणं झालं. हेंडगा उशिरा पेटला, रान अंधारात राहिलं, म्हणून वर्ष पुरं झालं नाही. माझ्या तोंडावर कोणी म्हणालं नाही. पाठीमागे म्हटलेलं खेड्यात दोन दिवसांत पुढे येतं. मला त्यात उत्तर देण्याजोगं काही दिसत नाही. ज्याला माप नाही, त्यावर मी मत देत नाही. तेराव्याला बायका हाच विषय काढून बसल्या होत्या. वैनी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “घोंगडीचं एक टोक माझ्या हातात व्हतं. लोकास्नी काय ठावं.” पुढे तो विषय त्या घरात निघाला नाही.

दिवाळीत शैलजा आली तेव्हा तिने एक कागद माझ्यापुढे ठेवला. त्या संध्याकाळचा आलेख. ताऱ्याची रेघ सरळ आहे, शेवटपर्यंत. तिच्या खाली आभाळाच्या उजेडाची दुसरी रेघ आहे. ती एके जागी भिंतीसारखी चढते आणि तशीच खाली येते. जिथे खाली येते, तिथे तळ सपाट नाही. एका बाजूने ती थोडी वर उचलते, थरथरते, आणि पुन्हा बसते.

“हा भाग काढून टाकता येतो,” ती म्हणाली. “मी ठेवलाय.”

“ठेव,” मी म्हणालो.

त्या बर्फाच्या गोळ्याला अजून नाव नाही. तो आहे तिथे फिरतो आहे. त्याची एक फेरी पुरी होईल तेव्हा हे शेत कोणाच्या नावावर असेल, हे पहाणीपत्रकात लिहिलेलं नाही. या येळवशीला आमचं रान अंधारात राहील आणि यंदा कोणी बांधावरून हाक मारून विचारणार नाही. कारण साऱ्यांना ठाऊक आहे. सिद्राम काल येऊन बसला. उठताना म्हणाला, “मोजणीसाब, रस्त्यानं कुनी आलं तर माज्याकडं धाडा. तुमच्या वाटचं बी मीच वाढतो.” मी मान हलवली.

गेल्या येळवशीच्या त्या संध्याकाळी पाहुणे जेवून, आशीर्वाद देऊन गेले. अण्णा हेंडग्यासाठी उठले. पाऊल टाकलं आणि पाय दुमडला. मी धरायला गेलो नाही. त्यांना ते आवडलं नसतं. ते दगडाचा आधार घेऊन पुन्हा बसले. गवताची जुडी त्यांच्या मांडीवर होती. त्यांनी ती उचलून माझ्यापुढे धरली.

“घे,” ते म्हणाले. “हद्द तुला बी पाठ हाय.”

“तुमचं हाय ते.”

“घे म्हनलं न्हव.”

मी कोपीजवळच्या चुलीतल्या निखाऱ्यावर जुडी धरली. गवत कोरडं होतं; एकदम पेटलं. शिवारातले बाकीचे हेंडगे केव्हाच विझले होते. त्या काळोखात एकटा जाळ घेऊन मी निघालो. पूर्वेचा बांध, मग ओढ्याकडचा, मग सिद्रामच्या शेताला लागून असलेला. धावण्याचं माझं वय नव्हतं. आरोळी द्यायची असते. माझ्या तोंडून ती निघेना. चौथ्या बांधावर वळलो तेव्हा मागून अण्णांनी दिली. बसल्या जागेवरून, भरल्या आवाजात, तीच निम्मी कानडी, निम्मी मराठी. ओढ्यापलीकडून कोणीतरी तिला उत्तर दिलं.

परत आलो तेव्हा हातात बुडखा उरला होता. तो मडक्यातल्या पाण्यात विझवला. वैनी अण्णांना घेऊन ट्रॉलीकडे गेल्या. मी आरशावर झाकण घातलं आणि पेटीची कडी लावली. जीपच्या चाकाने बांधाचा हातभर तुकडा खचला होता. फावडं घेतलं, माती ओढली आणि बांध सारखा केला.